पानिपतांतून वांचलेलीं माणसें

शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, म्हणजे १४ जानेवारी १७६१, या एका दिवसाविषयीं मराठींत जितकें लिहिलें गेलें आहे तितकें दुसऱ्या कोणत्याहि दिवसाविषयीं क्वचितच लिहिलें गेलें असेल. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला, तो याच काळच्या पत्रांचा. १९३० ते १९३४ या अवधींत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड कै. सरदेसाई यांनीं संपादिले, त्यांतहि या मोहिमेचे कागद विपुल आहेत. १९४६ सालीं कै. शेजवलकर यांचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ बाहेर पडला. फौजांची मांडणी, तोफांचीं ठिकाणें, रसदेची तूट, सरदारांतील बेबनाव, या प्रत्येक मुद्द्याचा ऊहापोह झाला. जे पडले त्यांच्या याद्या झाल्या. जे वांचून परत आले त्यांचें पुढें काय झालें, हा प्रश्न मात्र मागें राहिला. ते पुन्हा कोणत्या मोहिमेवर गेले, कोणतें पद पावले, एवढें आम्ही पाहतों. त्यांस झोंप कशी लागत होती, त्यांच्या घरांत त्यांच्याभोंवतीं काय चाललें होतें, हें पाहण्याचा आम्हां संशोधकांचा प्रघात नाहीं.

प्रस्तुत लेखांत त्या प्रश्नाचा थोडासा विचार करावयाचा आहे. त्याचें कारण केवळ जिज्ञासा नव्हे. पानिपतांतून वांचलेल्या मंडळींविषयीं आमच्या ग्रंथांत कांहीं ठराविक अभिप्राय रूढ झाले आहेत. नाना फडणीस जात्याच भित्रे, पार्वतीबाई भ्रमिष्ट, नानासाहेब दुःखानें खचले म्हणजे मनाचे दुबळे. हे अभिप्राय स्वभावाविषयींचे आहेत. रणांगणावर हात गमावलेल्या शिपायास आम्ही लुळा म्हणून दोष देत नाहीं, कारण ती जखम कोठें झाली हें आम्हांस ठाऊक असतें. मनास झालेली जखम डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून ती स्वभावाच्या खातीं जमा होते. हा जमाखर्च पुन्हा तपासून पाहणें जरूर आहे, असें आमचें मत आहे.

आधुनिक मानसवैद्यकांत या जखमेला स्वतंत्र नांव आहे. मराठींत तिला आघातोत्तर तणाव-विकृति असें म्हणतात. अमेरिकेंतील मानसवैद्यांच्या संघानें १९८० सालीं आपल्या रोगवर्गीकरणांत तिचा प्रथम समावेश केला. त्यापूर्वींहि हा विकार वैद्यांच्या नजरेस आला होता. अमेरिकेंतील यादवी युद्धांतल्या शिपायांच्या धडधडणाऱ्या हृदयाविषयीं डॉ. दा कोस्टा यानें १८७१ सालीं लिहिलें, आणि पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, तोफगोळ्यांच्या माऱ्याखालीं खचलेल्या शिपायांचीं लक्षणें डॉ. मायर्स यानें प्रसिद्ध केलीं. २०१३ सालापासून हीं लक्षणें चार गटांत मांडण्यांत येतात. पहिला गट पुनरनुभवाचा, म्हणजे घडून गेलेला प्रसंग स्वप्नांत किंवा जागेपणीं पुन्हा घडत असल्यासारखा वाटणें. दुसरा टाळण्याचा, म्हणजे त्या प्रसंगाची आठवण देणारीं माणसें, जागा व बोलणीं वर्ज्य करणें. तिसरा विचार व भावना पालटण्याचा, म्हणजे जगावरचा विश्वास उडणें, आपणच दोषी असें वाटणें, आप्तांपासून मन तुटणें. चौथा अतिसावधतेचा, म्हणजे झोंप न लागणें, दचकणें, क्षुल्लक कारणानें संताप येणें. हीं लक्षणें महिन्याहून अधिक काळ टिकलीं व त्यांनीं रोजच्या व्यवहारांत अडथळा आणिला, तरच तो विकार समजावयाचा.

येथें एक गोष्ट प्रथमच सांगितली पाहिजे. भयंकर प्रसंगांतून गेलेल्या प्रत्येकास हा विकार जडतो असें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणें जगांतील सुमारें ७० टक्के माणसांवर आयुष्यांत केव्हां तरी असा प्रसंग येतो. त्यांपैकीं हा विकार जडतो तो सुमारें ५.६ टक्के माणसांस. युद्ध व हिंसा यांच्या पोटीं हें प्रमाण वाढतें. तरीहि पानिपतांतून आलेला प्रत्येक मनुष्य रोगी होता असें मानणें हें पूर्वींच्या उपेक्षेइतकेंच चुकीचें होईल.

नांव नवें असलें तरी वस्तु आमच्या वैद्यकास अपरिचित नव्हती. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत उन्मादाचे सहा प्रकार सांगितले आहेत. चार दोषांपासून होणारे, एक विषापासून होणारा, आणि एक निव्वळ मनाच्या दुःखापासून होणारा. या शेवटच्याचीं कारणें देतांना चोर, राजपुरुष, शत्रु यांनीं भेडसावणें आणि धनाचा व बांधवांचा नाश होणें यांचा उल्लेख करून, त्यांमुळें मनास खोल क्षत पडतें, असें ग्रंथकार म्हणतो. माधवनिदानांतहि हाच विचार आला आहे. अर्थात् सुश्रुताचा उन्माद आणि आजचा हा विकार एकच, असा आमचा दावा नाहीं. परंतु शत्रूच्या भयानें व आप्तांच्या संहारानें मनास जखम होते, आणि ती जखम हें रोगाचें कारण मानून वैद्यानें तिचा विचार करावयाचा असतो, ही कल्पना अठराव्या शतकांतील दक्षिणी वैद्याच्या पोथींत होती, एवढें निश्चित.

आतां कागदांकडे वळूं. जुन्या कागदांतून मनाची स्थिति ओळखतांना तीन कसोट्या लावाव्या असें आम्हांस वाटतें. एक, हकीकत स्वतः भोगणाऱ्याच्या तोंडची किंवा अगदीं निकटची असावी. दोन, ती एखाद्या दिवसाच्या शोकाची नसून पुनःपुन्हा घडणाऱ्या किंवा दीर्घकाळ टिकलेल्या गोष्टीची असावी. तीन, तिचा परिणाम झोंप, आहार, वेष, धर्मकृत्यें, घरांतील वागणूक अशा नित्याच्या व्यवहारांत दिसावा. या कसोट्यांस जें उतरणार नाहीं तें सोडून द्यावें.

तिन्ही कसोट्यांस सर्वांत स्वच्छ उतरणारें उदाहरण महादजी शिंदे यांचें आहे. सर जॉन माल्कम यानें १८२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथांत तें आलें आहे. महादजी रणांतून निघाले तेव्हां एक अफगाण स्वार त्यांच्या पाठीस लागला. महादजींची घोडी दक्षिणी, चपळ. अफगाणाचें जनावर थोराड व बोजड, परंतु न थकणारें. घोडी पुष्कळ पुढें निघून जाई. महादजी विसाव्यासाठीं थांबत. आणि मागें पाहावें तों तोच स्वार येतांना दिसे. अखेर घोडी एका खळग्यांत पडली. स्वारानें गांठून महादजींच्या गुडघ्यावर कुऱ्हाडीचा घाव घातला, अंगावरील वस्तु हिरावून घेतल्या, आणि त्यांस तेथेंच टाकून तो चालता झाला. पुढें राणेखान नांवाच्या भिस्त्यानें त्यांस आपल्या बैलावर घालून वांचविलें. त्या घावानें महादजी जन्माचे लंगडे झाले, हें सर्वांस माहीत आहे. माल्कम याच्या पुढें जाऊन सांगतो कीं, महादजींच्या दरबारीं असलेल्या पामर या इंग्रज वकिलाजवळ महादजी ही हकीकत सांगत, आणि आपणांस झोंपेंत तो अफगाण व त्याचें तें बोजड जनावर आपल्या दक्षिणी घोडीमागें दौडत येतांना वारंवार दिसतें, असें म्हणत.

या हकीकतीचें महत्त्व ती केव्हां सांगितली गेली यावरून ध्यानांत येतें. पामर याचा महादजींशीं संबंध आला तो पानिपतानंतर वीस वर्षें उलटून गेल्यावर. मधल्या काळांत महादजींनीं बादशहा शहाआलम यास दिल्लीच्या तख्तावर नेऊन बसविलें होतें. १७७२ सालीं मराठी फौजांनीं रोहिलखंडांत शिरून पत्थरगड घेतला होता. ज्या नजीबखानानें अब्दालीस आणिलें त्याच्या घराण्याचा मोड केला होता. १७८४ सालीं बादशाहीची मुखत्यारी महादजींच्या हातीं आली. पानिपतचा कलंक धुऊन निघाला, असें आमचे इतिहासकार या प्रकरणाच्या शेवटीं लिहितात आणि तें राजकारणाच्या दृष्टीनें खरें आहे. परंतु ज्याच्या हातून तो धुतला गेला त्याच्या झोंपेंतून तो एक स्वार गेला नाहीं. सूड घेतल्यानें राज्याची जखम भरली असेल. माणसाची भरली नाहीं.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. स्वप्नांत येतो तो पाठलाग. कुऱ्हाडीचा घाव नव्हे. शरीरास इजा झाली ती घावानें, मनास झाली ती त्यापूर्वींच्या धांवेंत. मागें वळून पाहावें आणि तोच स्वार दिसावा, या वाट पाहण्यांत. महादजींचा लंगडा पाय दरबारांत सर्वांस दिसे. रात्रीं काय होई, हें ज्यास त्यांनीं सांगितलें त्यासच कळलें. राणेखानास त्यांनीं भाऊ मानिलें व मोठ्या पदास चढविलें. ही कृतज्ञता तर खरीच. परंतु त्या दिवशींचा एकमेव साक्षी सदैव जवळ असावा, असेंहि त्यांस वाटत असेल काय? हा आमचा तर्क आहे. यास आधार म्हणून कोणी धरूं नये.

दुसरें उदाहरण नाना फडणीसांचें. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा. म्हणजे संग्रामाच्या दिवशीं त्यांस एकोणीस वर्षें पुरीं व्हावयास सुमारें एक महिना उणा होता. यात्रा घडावी म्हणून आई व पत्नी त्यांच्यासमवेत होत्या. नानांनीं आपल्या पूर्वायुष्याचें जें आत्मवृत्त लिहून ठेविलें, आणि ज्याचें ब्रिग्ज साहेबानें इंग्रजींत भाषांतर केलें, त्यांत या पळापळीची हकीकत आहे. अंगावरचीं वस्त्रें टाकून ते निघाले. वाटेंत शत्रूचे स्वार गांठून सोबत्यांवर शस्त्र चालवीत असतां ते गवतांत दडून राहिले. झाडाचा पाला खाऊन त्यांनीं भूक मारिली. एका बैराग्यानें अन्न दिलें. पुढें रेवाडीस आसरा मिळाला. पत्नी सुखरूप असल्याचें मागाहून कळलें. आई गेली.

आमच्या वाङ्मयांत असें आत्मनिवेदन दुर्मिळ आहे, म्हणून भाषेचा व साधनाचा नमुना या नात्यानें त्याचा गौरव होतो. परंतु त्यांतील सूर पाहण्याजोगा आहे. तें एका मुत्सद्द्यानें आपल्या कर्तबगारीचें लिहिलेलें वृत्त नाहीं. आपल्या मनाचे दोष, वासना, पश्चात्ताप, देवानें वांचविलें याविषयींचें आश्चर्य, आणि संसाराविषयीं वाटूं लागलेली उदासीनता यांचें तें निवेदन आहे. सोबती मारले गेले, आई गेली आणि आपण राहिलों, हें कोडें लिहिणारा उलगडूं पाहतो. वांचल्याचा अपराध वाटणें हें आजच्या वैद्यकास परिचित असें लक्षण आहे. त्याच वैद्यकाच्या अनुभवाप्रमाणें, घडलेला प्रसंग क्रमवार सांगणें किंवा लिहून काढणें, आणि तो विश्वासाच्या माणसापुढें पुन्हा उभा करणें, हा उपचाराचा एक भाग होऊं शकतो. नानांनीं तें कशासाठीं लिहिलें हें कागद सांगत नाहीं. परंतु ज्याचें मन स्वस्थ आहे तो असें लिहावयास बसत नाहीं, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

मग नाना रणास भीत, या आक्षेपाचें काय? ग्रँट डफपासून पुष्कळांनीं तो केला आहे. नाना पुढें जवळजवळ चाळीस वर्षें राजकारणांत होते. त्यांनीं मोहिमा आंखिल्या, फौजा जमविल्या, परंतु हातीं तलवार घेऊन लढणारे म्हणून ते प्रसिद्ध नाहींत. आणि १७९६ सालीं संकट येतांच ते महाडाकडे निघून गेले. यावर आमचें म्हणणें असें. नाना फडणिशीच्या पेशांत वाढलेले. तलवार हा त्यांचा धंदा नव्हे. तेव्हां त्यांचा सावधपणा उपजत होता, पेशाचा होता, कीं पानिपताच्या गवतांत शिकलेला होता, याचा निवाडा आज होणें नाहीं. परंतु निवाडा होत नाहीं, तर तो नानांच्या विरुद्ध करण्याचाहि आम्हांस अधिकार नाहीं. एकोणिसाव्या वर्षीं ज्यानें आपले सोबती डोळ्यांदेखत तोडलेले पाहिले, त्यास भित्रा म्हणण्यापूर्वीं लेखणी क्षणभर थांबावी, एवढेंच आमचें मागणें आहे. त्याच मनुष्यानें पुढें राज्य सांभाळिलें, हेंहि त्याच पानावर लिहावें.

तिसरें उदाहरण निराळ्या जातीचें आहे. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई, पेणच्या कोल्हटकरांच्या कन्या, या मोहिमेंत बरोबर होत्या. विश्वासू माणसांच्या सोबतीनें त्या निसटून पुण्यास पोंचल्या. भाऊसाहेब पडले हें त्यांनीं मरेपर्यंत मानिलें नाहीं. सौभाग्यचिन्हें त्यांनीं उतरविलीं नाहींत. पुढें १७८३ सालीं त्या वारल्या, त्यानंतरच भाऊसाहेबांची उत्तरक्रिया झाली. बावीस वर्षें हा प्रकार चालला.

यास भ्रम म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु परिस्थिति पाहावी. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेला दक्षिणी ब्राह्मण काशीराज शिवदेव यानें पुढें फारशींत लिहिलेल्या हकीकतीवरून असें दिसतें कीं, भाऊसाहेबांचें धड मस्तकावांचून सांपडलें, मस्तक मागाहून मिळालें, आणि परक्या छावणींत, परक्यांच्या मेहेरबानीनें दहन झालें. घरच्या कोणीं तें पाहिलें नाहीं. उलट, भाऊसाहेब जिवंत आहेत, अमुक ठिकाणीं आहेत, अशा वार्ता दक्षिणेंत कितीतरी काळ येत राहिल्या. ज्यास पाहिलें नाहीं त्यासाठीं रडावें तरी कसें? परागंदा झालेल्याची बारा वर्षें वाट पाहून पळसाच्या पानांची प्रतिमा करावी व तिचें दहन करून अशौच धरावें, असा विधि निर्णयसिंधूसारख्या ग्रंथांत सांगितला आहे. आमच्या धर्मशास्त्रकारांस मनुष्यस्वभाव कळत होता. अनिश्चिततेस कोठें तरी अंत हवा, म्हणून त्यांनीं वर्षांची मर्यादा घातली. ती मर्यादा १७७३ सालीं पुरी झाली. पार्वतीबाईंनीं तीहि ओलांडली. गेला कीं राहिला हें निश्चित न कळल्यानें शोक वाटेंतच थिजून राहतो, या अवस्थेस अमेरिकेंतील पॉलीन बॉस या विदुषीनें अनिश्चित वियोग असें नांव दिलें आहे, व ती अवस्था मनाचा रोग नसून परिस्थितीचा परिणाम आहे, असें तिचें प्रतिपादन आहे. पार्वतीबाईंस तें अधिक जुळतें. रोज सकाळीं कपाळीं कुंकू लावणें ही साधी गोष्ट त्यांस रोजचा निर्णय होती. आणि याच बाईंनीं, गंगाबाई १७७७ सालीं वारल्यावर, सवाई माधवरावांस लहानाचें मोठें केलें. भ्रमिष्टाच्या हातीं पेशव्यांचा एकुलता वंश कोणीं सोंपविला असता काय?

नानासाहेब पेशव्यांचें उदाहरण आम्ही मुद्दाम शेवटीं घेतों, कारण तें कसोटीस उतरत नाहीं. पुत्र विश्वासराव व चुलतबंधु भाऊसाहेब यांच्या नाशाची वार्ता त्यांस उत्तरेच्या वाटेवर, भेलशाच्या आसपास कळली. तेथून ते खचून परतले व पर्वतीवर २३ जून १७६१ रोजीं वारले. म्हणजे संग्रामानंतर अवघ्या १६० दिवसांनीं. त्यांनीं रण पाहिलें नव्हतें. त्यांची प्रकृति अगोदरच बिघडलेली होती. शोक त्यांच्या मरणास कारण झाला हें सर्वसंमत आहे व आम्हांसहि मान्य आहे. परंतु शोक, शरीराचा रोग आणि आघाताचा विकार यांची वांटणी इतक्या थोड्या अवधींत करतां येत नाहीं. नवें नांव हातीं आलें म्हणजे तें सर्वत्र चिकटविण्याचा मोह होतो. तो येथें आवरला पाहिजे.

व्यक्तींप्रमाणें समाजाच्याहि मनावर या प्रसंगाचा वळ उठला. पानिपत होणें, विश्वास पानिपतांत जाणें, हीं बोलणीं आजहि घरोघर चालतात. विश्वासरावांच्या मातोश्री गोपिकाबाई यांच्या आज्ञेवरून रघुनाथ यादव यानें पानिपताची बखर लिहिली. ज्या प्रसंगांत पोटचा मुलगा गेला त्याची साद्यंत हकीकत एका आईस ऐकावयाची होती. एक पत्नी ऐकण्यास तयार नव्हती; एक आई लिहवून घेत होती. दोन्ही गोष्टी एकाच घरांतल्या. आणि या न मिटलेल्या शोकाचा राज्यास केवढा उपद्रव झाला, तें तोतयाच्या प्रकरणांत दिसतें. सुखनिधान नांवाचा एक कनोजा ब्राह्मण आपणच भाऊसाहेब म्हणून पुढें आला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत त्याची लबाडी उघडकीस येऊन तो कैदेंत पडला. तरीहि १७७६ सालीं रत्नागिरीहून सुटतांच कोंकणांतले किल्ले त्याच्या हातीं आले व लोक त्याच्या निशाणाखालीं जमले. अखेर तो पकडला जाऊन त्याच वर्षीं १८ डिसेंबर रोजीं पुण्यास मारला गेला. पंधरा वर्षांनंतर, एकदां उघड झालेली लबाडी पुन्हा खरी मानावयास माणसें तयार झालीं, याचें कारण केवळ राजकारणांतील फितूर नव्हे. ज्यांचें प्रेत कोणीं पाहिलें नाहीं ते परत येतील, ही आशा हजारों घरांत जिवंत होती. तोतयानें तिचें भांडवल केलें.

त्या हजारों घरांविषयींच आम्हांस शेवटीं लिहावयाचें आहे. महादजींचें स्वप्न आम्हांस कळतें, कारण तें ऐकण्यास परदरबारचा वकील हजर होता. नानांचें मन कळतें, कारण त्यांस लेखणी होती. परंतु त्या दिवशीं पळालेले शिलेदार, बारगीर, बाजारबुणगे, यात्रेकरू, आणि शत्रूच्या हातीं सांपडलेल्या स्त्रिया यांच्या रात्रींचें काय? अनेक घराण्यांच्या वंशावळींत एखाद्या नांवापुढें ‘पानिपतावर पडला’ अशी नोंद सांपडते. जो परत आला त्याच्या नांवापुढें कांहींच नोंद नसते.

ती नोंद वंशावळींत नसली तरी अन्यत्र असूं शकते. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या संग्रहीं जुन्या घराण्यांचीं दप्तरें आहेत. त्यांतून सनदा, करीने, महजर व राजकीय पत्रें वेगळीं काढून बाकीचे किरकोळ कागद रद्दीच्या गठ्ठ्यांत टाकण्याची चाल अजून मोडलेली नाहीं. वैद्यांच्या औषधांच्या याद्या, उपाध्यायांस दिलेल्या दक्षिणेचे हिशेब, दुःस्वप्नाच्या शांतीचा खर्च, नवस, गंडेदोरे, बारा वर्षांनीं केलेल्या पालाशविधीच्या नोंदी, अमुक मनुष्य चाकरीस येत नाहीं म्हणून कमी केलेला रोजमुरा, हे कागद लढाईच्या मांडणीसंबंधीं कांहीं सांगणार नाहींत. लढाईनंतरच्या मनुष्यासंबंधीं जें कांहीं कळावयाचें असेल तें यांतच आहे. शके १६८२ नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांचे असे कागद ज्यांच्याजवळ असतील त्यांनीं ते निवडून ठेवावे, त्यांच्या तारखा लावून घ्याव्या व शक्य तर त्यांच्या नकला प्रसिद्ध कराव्या, अशी आमची विनंति आहे.

मात्र ते वाचतांना एक पथ्य पाळावें. असा कागद सांपडला म्हणजे कोणाचें तरी वेड उघडकीस आलें, अशा कौतुकानें त्याकडे पाहूं नये. ज्या घरांत तो राहिला त्या घरानें त्या माणसास संभाळिलें होतें, त्याच्यासाठीं वैद्य आणिला होता, देवास दिवा लाविला होता. आजहि युद्धांतून, दंगलींतून, भूकंपांतून वा अपघातांतून वांचलेली माणसें आमच्या शेजारीं राहतात. त्यांच्या विकारावर आज उपचार आहेत, आणि योग्य वेळीं मदत मिळाल्यास पुष्कळांस गुण येतो. पूर्वजांच्या बाबतींत आमच्या हातीं उपचार नाहीं, न्याय आहे. तो करावयाचा तर जे पडले त्यांच्या यादीशेजारीं जे परत आले त्यांचीहि यादी मांडावी, आणि प्रत्येकाच्या नांवापुढें तो काय बरोबर घेऊन परतला, तें कागद सांगतील तेवढें लिहावें. इत्यलम्.